कॅसल टिओरम: अर्धवट राहिलेला निकाल

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लॉक मॉयडार्ट नावाची खाडी आहे. तिच्या तोंडाशी, ओहोटीला चालत गाठता येईल अशा खडकाळ बेटावर कॅसल टिओरम उभा आहे. 1715 पासून त्याला छप्पर नाही. 1997 मध्ये तो विकला गेला आणि नव्या मालकाने तो पुन्हा बांधून काढायची योजना मांडली. आत राहण्याच्या खोल्या, क्लॅनरॅनल्ड कुळाचे संग्रहालय आणि बाहेरच्या लोकांना मर्यादित प्रवेश, असा तिचा आराखडा होता. स्थानिक हायलँड कौन्सिल राजी होती. त्या वेळचे पुरातत्त्व खाते, म्हणजे हिस्टॉरिक स्कॉटलंड, राजी नव्हते. सार्वजनिक चौकशी झाली आणि नकार कायम राहिला. पाव शतक होत आले तरी वाद मात्र मिटलेला नाही, आणि ज्या पद्धतीने तो घातला जातो त्या पद्धतीने मिटणारही नाही. एक बाजू म्हणते, सरकारी बाबूंच्या हट्टापायी किल्ला ढासळतो आहे. दुसरी म्हणते, श्रीमंताच्या हौसेपासून इतिहास वाचला. दोघेही ‘बांधायचा की नाही’ एवढ्याच प्रश्नावर भांडतात, जणू त्या एका उत्तरानंतर किल्ला आपला आपण उभा राहणार आहे.

माझ्या मते छपराला दिलेला नकार बरोबर होता. पण नकार देऊन हात झटकणे चूक होते, आणि किल्ल्याच्या दृष्टीने ती चूक चुकीच्या छपराएवढीच महागाची आहे. उघड्या भिंती तशाच राखायच्या ठरवल्या तर त्यांचा दरसालचा खर्च कोणी करायचा हे त्याच कागदावर लिहिलेले हवे. टिओरमच्या निकालात ते नव्हते.

किल्ला ‘मूळ रूपात’ आणू म्हणणाऱ्यांना आधी विचारले पाहिजे, कोणत्या मालकाच्या काळातले रूप? परंपरेने बांधकामाचे श्रेय एमी मॅकरुअरी हिला दिले जाते. लॉर्ड ऑफ द आइल्स, म्हणजे बेटांचा अधिपती, म्हणवणाऱ्या जॉन मॅकडॉनल्डने राजाच्या घराण्यात सोयरीक करण्यासाठी दूर सारलेली ही त्याची पहिली बायको. तिचा मुलगा रॅनल्ड याला 1373 मध्ये या मुलखाची सनद मिळाली आणि त्याच्यापासून क्लॅनरॅनल्ड शाखा सुरू झाली. खडकाच्या कडेकडेने वळत गेलेला पाच बाजूंचा तट सर्वांत जुना. आतला उंच मनोरा नंतरचा, आणि काही खोल्या व कोपऱ्यांवरचे छोटे बुरूज त्याहूनही पुढचे. कुळाचा सरदार ॲलन मॅकडॉनल्ड पदच्युत स्टुअर्ट राजाच्या बाजूने फ्रान्समध्ये होता तेव्हा, 1692 मध्ये, सरकारी फौजेने किल्ला घेऊन तिथे शिबंदी बसवली. स्टुअर्ट घराण्याच्या समर्थकांच्या 1715 च्या बंडात ॲलनने तो परत मिळवला आणि स्वतःच जाळून टाकला. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून जाळला, असे सांगतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात शेरिफम्युअरच्या लढाईत ॲलन पडला. म्हणजे आज जो भग्न किल्ला दिसतो तो ‘काळाच्या ओघात’ वगैरे झालेला नाही. शेवटच्या रहिवाशाने विचार करून घेतलेला तो निर्णय आहे. छप्पर चढवताना हा निर्णय खोडावा लागतो, आणि खोडणाऱ्यांना बहुधा त्याची जाणीवही नसते.

पुढचा मालकीहक्काचा इतिहास कमी शूर आणि जास्त बोलका आहे. समुद्री शेवाळ जाळून मिळणाऱ्या क्षारयुक्त राखेला, म्हणजे केल्पला, नेपोलियनच्या युद्धांच्या काळात काच आणि साबणाच्या कारखान्यांकडून सोन्याचा भाव होता. युद्ध संपले, परदेशी माल पुन्हा येऊ लागला आणि भाव कोसळला. त्या उत्पन्नावर राहणीमान बेतलेल्या रॅनल्ड जॉर्ज मॅकडॉनल्ड या सरदाराने 1813 ते 1838 या काळात पिढीजात जमिनी एकेक करून विकल्या. हाती राहिला तो जवळपास फक्त हा पडका टिओरम. साउथ उइस्ट बेट क्लूनीच्या कर्नल गॉर्डनकडे गेले आणि 1851 मध्ये त्याच्या बेटांवरची सुमारे 1700 माणसे जहाजांत भरून कॅनडाला धाडण्यात आली. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

आता विरोधी बाजूचा सर्वांत मजबूत मुद्दा घेऊ: छपरासारखे संवर्धन दुसरे नाही. हे अगदी खरे आहे. या किल्ल्यांच्या जाड भिंती अखंड दगडाच्या नसतात. बाहेरून आणि आतून घडीव वा अर्धघडीव दगडाचे दोन पदर आणि मध्ये दगडगोटे व चुन्याची भर, अशी ती रचना असते. छप्पर असताना पाणी भिंतीच्या माथ्यात शिरत नाही. छप्पर गेले की वर्षाला 2000 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस थेट माथ्यावर पडतो. पाण्याबरोबर भरीतला चुना विरघळून खाली झिरपतो, बारीक रेती वाहून जाते आणि पोटात पोकळी तयार होते. दोन पदर एकमेकांपासून सुटतात आणि बाहेरचा फुगू लागतो. हिवाळ्यात मुरलेले पाणी गोठते आणि दगड ढकलते. बाहेरून भिंत धडधाकट दिसत राहते आणि एके दिवशी पदरच्या पदर खाली येतो. टिओरमच्या वायव्य तटाचा मोठा भाग 2000 मध्ये असाच कोसळला. ‘भग्नावस्था जपा’ म्हणणाऱ्यांनी ही यंत्रणा समजून घेतलेली दिसत नाही. जपायची म्हणतात ती अवस्था स्थिर नसतेच.

पण यावरून छप्पर चढवावे असा निष्कर्ष निघतो का? जुन्या भिंतीवर छप्पर बसवायचे तर तुळया टेकायला माथा सपाट आणि भार घेणारा लागतो. म्हणजे सैल झालेला वरचा भाग उतरवून नवा रचावा लागतो, आणि नेमक्या त्याच भागात जुन्या छपराचा उतार, पन्हाळी आणि पहाऱ्याची वाट यांच्या खुणा शिल्लक असतात. माणसे राहणार म्हटल्यावर सांडपाण्याची नळी, वीज, उष्णता राखणारे अस्तर, आगीच्या वेळी बाहेर पडायला दुसरा जिना, हे सगळे आले. नळ्यांसाठी जमीन खणली की तळाचे थर, जळालेल्या लाकडाचा कोळसा, भांड्यांचे तुकडे उपसले जातात. त्यांची नोंद होईल, पण ते परत जागेवर ठेवता येत नाहीत. शिवाय छप्पर हा एकदाचा खर्च नसतो. मल बेटावरचा ड्युअर्ट किल्ला मॅक्लीन कुळाने 1691 मध्ये गमावला. 1911 मध्ये सरदार सर फिट्झरॉय मॅक्लीन यांनी तो विकत घेऊन वास्तुविशारद जॉन जेम्स बर्नेट यांच्याकडून दुरुस्त करवला. शंभर वर्षांत तो पुन्हा गळू लागला, आतली छते खाली आली आणि नव्याने टप्प्याटप्प्याने दुरुस्ती काढावी लागली. वाऱ्याने आडवा येणारा पाऊस भिंतीतून आणि धुरांड्यांतून शिरतो, त्याला छप्पर काय करणार?

दुसरा मुद्दा नेहमी आयलन डोनन किल्ल्याचा निघतो. ‘तो पुन्हा बांधला, जगभर गाजला, मग टिओरमनेच काय घोडे मारले?’ आयलन डोननची गोष्ट खरोखर विलक्षण आहे. स्टुअर्ट समर्थकांच्या 1719 च्या बंडात तिथे थोडे स्पॅनिश सैनिक आणि तोफेच्या दारूचा मोठा साठा होता. मे महिन्यात वूस्टर, फ्लॅमबरो आणि एंटरप्राइज या तीन ब्रिटिश युद्धनौकांनी तोफा डागून किल्ला घेतला. आत दारूची 343 पिंपे सापडली, त्यांतली 27 वापरून किल्ला उडवून दिला गेला. पुढे जवळजवळ दोनशे वर्षे तिथे पायथ्याचे ढिगारे होते. लेफ्टनंट कर्नल जॉन मॅकरे-गिल्स्ट्रॅप यांनी 1911 मध्ये बेट घेतले आणि 1932 मध्ये आज दिसतो तो किल्ला पुरा झाला. बेटाला जोडणारा कमानींचा पूल, ज्याच्याशिवाय एकही छायाचित्र पुरे होत नाही, तोही याच बांधकामातला. उद्ध्वस्त होण्याआधी, 1714 मध्ये, लुईस पेटी या लष्करी अभियंत्याने किल्ल्याचे रेखाटन केले होते. ते हाती आले तेव्हा बांधकाम जवळजवळ संपत आले होते. उभा राहिलेला किल्ला आणि रेखाटनातला किल्ला यांत बराच फरक आहे. म्हणजे लाखो लोक जो मध्ययुगीन किल्ला पाहायला जातात तो विसाव्या शतकाने मध्ययुगाविषयी केलेला अंदाज आहे. अंदाज देखणा आहे, त्यावर परिसरातली कुटुंबे पोट भरतात, आणि आता तोही पाडू नये अशी ऐतिहासिक वस्तू झाला आहे. पण तिथे गमावण्यासारखे फारसे उरलेलेच नव्हते. टिओरमचा तट आणि मनोरा माथ्यापर्यंत बराचसा उभा आहे. ढिगाऱ्यावर अंदाज बांधणे आणि उभ्या पुराव्यावर अंदाज चढवणे यांत काहीच अंतर नाही का? स्मारकांच्या संवर्धनाविषयीच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने रेघ इथेच ओढली आहे: जिथे अटकळ सुरू होते तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे.

यावर तिसरा, आणि मला सर्वांत बोचरा वाटणारा आक्षेप असा की ज्या खात्याने टिओरमला नाही म्हटले त्यानेच स्टर्लिंग किल्ल्यातला ग्रेट हॉल पुन्हा उभा केला. राजा चौथ्या जेम्सने 1500 च्या सुमारास बांधलेल्या या दालनाची पुढे लष्कराने बराक केली होती. आत मजले आणि आडभिंती घातल्या, मूळ छप्पर काढले. सैन्य 1964 मध्ये गेले. त्यानंतर हे सारे काढून ओकचे नवे छप्पर बसवले आणि बाहेरून पिवळसर सोनेरी चुना दिला. काम 1999 मध्ये पुरे झाले. करड्या दगडाची सवय झालेल्या डोळ्यांना तो रंग खुपला, बोंबाबोंब झाली. (रंगाच्या बाबतीत खाते बरोबर होते. स्कॉटिश किल्ल्यांना खडीमिश्रित चुन्याचा फेकीव गिलावा असायचा. उघडा दगड ही नंतरच्या प्रवाशांची आवड.) हा दुटप्पीपणा नव्हे का? थोडा आहे, हे मान्य करायला हवे. बराकीची शतकेही इतिहासच होती आणि ती हातोड्याने काढली. तरी फरक उरतो. स्टर्लिंगच्या भिंती पूर्ण उंचीच्या होत्या, भिंतींवर खुणा होत्या, लष्कराचे जुने मोजणी-आराखडे होते आणि एडिंबरो किल्ल्यात त्याच काळचे लाकडी छप्पर नमुन्याला जागेवर होते. शिवाय दालन सार्वजनिक झाले. टिओरमच्या आतल्या लाकूडकामाची राख 1715 मध्येच झाली आहे, आणि योजनेच्या केंद्रस्थानी राहण्याच्या खोल्या होत्या.

मग येतो वंशजांच्या भावनेचा मुद्दा: ‘हे आमच्या पूर्वजांचे घर आहे, ते उघडे पडलेले का बघायचे?’ भावना खोटी नाही. लोकांनी गमावलेले पुन्हा बांधणे हा सन्मानाचा भाग असू शकतो. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी जमीनदोस्त केलेले वॉर्साचे जुने शहर पोलिश लोकांनी बेलोत्तो या चित्रकाराची अठराव्या शतकातली चित्रे आणि युद्धापूर्वीची मोजमापे हाताशी धरून उभारले. 1980 मध्ये ते, नव्याने बांधलेले असूनही, जागतिक वारशाच्या यादीत गेले. पण वॉर्सात ज्यांची घरे गेली त्यांनीच, त्यांच्याच हयातीत, त्याच रस्त्यांवर ती बांधली. टिओरममध्ये घर कोणाचे गेले? आग लावली सरदाराने. जमीन विकली सरदाराच्या वारसाने. जे खरोखर बेघर झाले ते बेटांवरचे कुळवाडी, त्यांचे वंशज आज नोव्हास्कोशियात आणि ऑन्टारिओत आहेत. मनोऱ्यात शयनगृहे बांधून त्यांना काय परत मिळणार होते? कुळाच्या नावाने मागितलेली वस्तू बहुतेकदा सरदाराच्या सोयीची निघते, हे हायलँडच्या इतिहासात पहिल्यांदा घडलेले नाही.

इथवर मी नकाराच्या बाजूने बोललो. आता त्याच बाजूला चार गोष्टी ऐकवायला हव्यात. ‘जसे आहे तसे’ हा शब्दप्रयोग त्यांना फार आवडतो. लॉक नेसच्या काठावरचा अर्कर्ट किल्ला पाहा. 1692 मध्ये सोडून जाणाऱ्या शिबंदीने दरवाजा सुरुंगाने उडवला, मग आसपासच्या लोकांनी दगड आणि शिसे नेले, 1715 च्या वादळात मनोऱ्याचा भाग पडला. 1913 मध्ये तो सरकारकडे आला. त्यानंतरच्या पद्धतीप्रमाणे अशा जागी ढिगारे उपसले जायचे, दरजांत सिमेंट भरले जायचे, कापलेली हिरवळ अंथरली जायची. उपसलेल्या मातीबरोबर किती पुरावा गेला त्याची नोंद सहसा नाही. आज प्रवासी ज्याला अस्पर्श अवशेष समजतात तो सरकारी माळ्याने आणि गवंड्याने घडवलेला असतो. आणि सिमेंटने काय केले? चुना श्वास घेतो, पाणी आत गेले तरी दरजेतून बाहेर येते. सिमेंट घट्ट बसते, पाणी कोंडते, मग ते मऊ दगडातून वाट काढते आणि दरज शाबूत राहून दगडच भुगा होतो. रॉस्लिन चॅपलच्या आतल्या कोरीवकामावर 1950 च्या दशकात सिमेंटचा लेप दिला. ओल अशी कोंडली की 1997 पासून बरीच वर्षे वास्तूवर पोलादी छत उभारून ती वाळवावी लागली. तेव्हा हस्तक्षेप न करण्याचा अभिमान बाळगणाऱ्यांच्या वडीलधाऱ्यांनी भरपूर हस्तक्षेप केला आहे, फक्त तो छपरासारखा नजरेत भरत नाही.

सरकारी ताब्यात गेले की सुटले, हेही खरे नाही. बॅरा नावाच्या बेटाजवळचा किसिमुल किल्ला अमेरिकन वास्तुविशारद रॉबर्ट लिस्टर मॅकनील यांनी 1937 मध्ये घेऊन 1970 पर्यंत दुरुस्त केला. 2000 मध्ये तो वर्षाला एक पौंड आणि व्हिस्कीची एक बाटली अशा भाड्याने हजार वर्षांसाठी सरकारकडे दिला गेला. करार गमतीचा म्हणून सगळे सांगतात. तोच किल्ला दगडकामाच्या तपासणीसाठी अलीकडे बंद ठेवावा लागला, हे कोणी सांगत नाही. 2021 च्या सुमारास हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंडने, म्हणजे जुन्या खात्याच्या वारसाने, उंचावरचे दगड निसटण्याच्या भीतीने सुमारे सत्तर ठिकाणी प्रवेश अडवला होता.

टिओरमच्या प्रकरणातली खरी उणीव कायद्यात आहे. 1979 चा प्राचीन स्मारक कायदा संरक्षित स्मारकाच्या मालकाला सांगतो की परवानगीशिवाय दगड हलवायचा नाही. दगड पडू देऊ नकोस, असे तो कुठेही सांगत नाही. काही केले तर गुन्हा, काही न केले तर निवांत. कलम 5 प्रमाणे तातडीची कामे सरकार स्वतः करू शकते, कलम 10 प्रमाणे स्मारक सक्तीने घेऊ शकते, कलम 12 प्रमाणे पालकत्व स्वीकारू शकते, कलम 17 प्रमाणे मालकाशी देखभालीचा करार करू शकते. साधने आहेत, बंधन नाही. ज्याने पैसा लावायची तयारी दाखवली त्याला नाही म्हटले, आणि दुसरा कोण पैसा लावणार हे ठरवले नाही. परिणामी आत जायला मज्जाव, कारण डोक्यावर दगड पडतील.

गडकोटांच्या प्रेमात असलेल्या मराठी वाचकाला हे परके वाटू नये. 1818 मध्ये रायगडावरचा राजवाडा कंपनीच्या तोफमाऱ्यात जळाला आणि त्या लाकडी इमारतीची वरची रचना दाखवणारा एकही आराखडा आपल्याकडे नाही. (पेशवाईचा शेवट करणारा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ज्या घराण्यातला, त्यांच्याकडे सोळाव्या शतकात किल्ड्रमी किल्ला होता. 1715 च्या बंडानंतर तोही मोडकळीला आला.) 2025 मध्ये बारा मराठा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून ‘पुन्हा बांधा’चा आग्रह वाढला तर त्यात स्कॉटलंडचे नाव येईलच. तेव्हा आयलन डोनन दाखवणाऱ्याला पेटीच्या रेखाटनाची आठवण द्यावी, आणि ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्याला विचारावे, दरजा कोण भरणार?

टिओरममध्ये करण्यासारखे काम काही गूढ नाही. आधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून परांच्या आणि माल बेटावर न्यायचा. किनाऱ्यावर वाळू पडली आहे म्हणून ती वापरायची नाही, तिच्यातले मीठ दगड खाते. धुतलेली, टोकदार कणांची वाळू बाहेरून आणावी लागते. हायड्रॉलिक चुना एक भाग आणि वाळू अडीच भाग, हे उघड्या जागेसाठी चालणारे प्रमाण. रुंद दरजांत नुसता चुना कोंबला तर तो आकसून तडकतो, म्हणून दगडाच्या चिपा ठोकून मग भरायचे. तापमान पाच अंशांखाली गेले की काम थांबवायचे, म्हणजे पश्चिम हायलँडमध्ये साधारण मे ते सप्टेंबर एवढाच हंगाम. भरलेल्या दरजा ओल्या गोणपाटाखाली ठेवायच्या, नाहीतर समुद्री वारा त्या पृष्ठभागावर वाळवतो आणि आत चुना कच्चा राहतो. पोकळ झालेल्या भरीत खालून वर, थोड्या थोड्या उंचीने पातळ चुना ओतायचा. एकदम ओतला तर त्याच्या वजनानेच फुगलेला पदर सुटतो. माथ्यावर दहा-पंधरा सेंटिमीटर चिकणमाती आणि तिच्यावर गवताची चापडे बसवायची. पाणी ती शोषून घेतात आणि गोठण्याचा मारा कमी होतो. झाडाची मुळे धरू लागली की दरवर्षी उपटायची. वायव्य तटाला आधी आधार, मग बाकीचे. हे सगळे झाल्यावरही पाच वर्षांनी माथा तपासायला कोणीतरी चढले पाहिजे, आणि त्यानंतर पुन्हा पाच वर्षांनी.

या कामाचा करार कलम 17 खाली होऊ शकतो: सरकार आणि मालक खर्च वाटून घेतील, बदल्यात लोकांना तटाच्या आत ठरावीक दिवस प्रवेश मिळेल. मालकाला तो नको असेल तर कलम 10 आहे. सरकारला तोही परवडत नसेल तर मंत्र्यांनी तसे लेखी सांगावे आणि टिओरमच्या प्रत्येक भिंतीचे त्रिमितीय मोजमाप आणि उत्खनन पडझडीच्या आधी पुरे करून घ्यावे. दोन्ही टाळून फाटकावर धोक्याची पाटी लावून ठेवायची असेल, तर नव्या मालकाच्या योजनेला दिलेल्या नकाराचे समर्थन मलाही करता येणार नाही.